घडीतला मजकूर

एक बारीक त्रिकोण, टोक खाली.

गार झालेला चहा, वर साय.

‘हीटर लावून बंद खोलीत झोपू नये.’

पलंगावर तिने बदलून घेतलेली बाजू, खिडकीकडची.

कानाच्या डॉक्टरीणबाईंचं गेल्या महिन्यातलं वाक्य: ‘डावा कान आता परत येणार नाही, घरी सांगून ठेवा, म्हणजे समोरून बोलतील.’

तिने त्रिकोणावर क्लिक केलं. क्षणभर काहीच नाही, मग मजकूर उलगडला. गॅसवरच्या हीटरच्या कारखान्याचं हे वेबपान सांभाळणं तिचं काम, आणि कारखानदार फोनवर, तिच्या उजव्या कानात, कावला होता.

“ताई, सूचना पानावर आहे ना? मग तेच वाक्य टाकून शोधलं तर सगळ्या जगाची पानं येतात, आमचंच नाही! डोकं जड झालं की माणूस कुठे शोधणार?”

“बघते, दादा.”

उजवीकडच्या टेबलाशी बसणारा, वेबपानं बांधणारा सहकारी, ज्याला सगळे बोका म्हणत (खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल), खुर्चीसकट वळला. “मला वाटलंच. झाकलेलं दिसलं की शोधयंत्र नाक मुरडतं.”

“नाही रे. झाकलेलंही वाचतं. पान उघडतं तेव्हा मजकूर आत असला म्हणजे झालं, वर घडी असो नाहीतर पडदा. तू तो आत ठेवलाच नाहीस. त्रिकोण दाबला की मगच मागवतोस.”

“पान हलकं व्हावं म्हणून!”

“झालं की हलकं. पण ते यंत्र बटणं दाबत बसत नाही, बाबा. येतं, असेल ते वाचतं, जातं.”

“म्हणजे सभ्य पाहुणा. पाणी पिईल, कपाट उघडणार नाही.” मग तोंड फिरवून तो आणखी काहीतरी पुटपुटला; ते तिला कळलं नाही, तरी ती हसली, किंचित उशिरा.

बटणं दाबत बसत नाही... आणि नवरा तरी कुठे — महिनाभर ती वाट पाहत होती, की तो विचारेल, बाजू का बदललीस, टीव्ही एवढा मोठ्याने का, मी बोललो की मान वळवून का बघतेस — आणि तो विचारत नव्हता, नि त्या न विचारण्यावर ती रोज एकेक थर चढवत होती: इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि याला दिसत नाही? मी उघडं पुस्तक, वाचणाऱ्यालाच गरज नाही तर मी काय करू...

तिने पानाचा कच्चा मजकूर, शोधयंत्राला दिसतो तसा, उघडला. त्रिकोण होता. त्याच्या मागे काहीही नव्हतं. एवढी जिवावरची सूचना, आणि तिच्या जागी नुसती मोकळी ओळ. तिने वाक्यं उचलून तिथे ठेवली, वर पुन्हा घडी घातली. दिसायला पान होतं तसंच.

उघडं पुस्तक? बाजू बदलली तेव्हा ती म्हणाली होती, ‘मला वारा लागतो.’ टीव्हीचं विचारण्याआधीच म्हणाली होती, ‘रिमोट बिघडलाय.’ त्याच्यापुढे जे पान होतं त्यात वारा होता, रिमोट होता, कान नव्हता. घडीतसुद्धा नव्हता. मीच...

राग कुठे तरी सैल झाला, आणि त्याच्याखालून दुसरंच वर आलं. सांगितलं की तो समोर येऊन उभा राहील, तोंड मोठं उघडून, सावकाश बोलेल, म्हाताऱ्या आत्याशी बोलतो तसा. तीच भीती, एवढीशी, घरच्यासारखी. तिच्याकडे ती आता न दचकता पाहू शकत होती.

“झालं?” बोक्याने विचारलं.

“आपल्याकडून झालं. आता त्या यंत्राने पुन्हा येऊन वाचायला हवं.”

“कधी येतं?”

“त्याच्या मनावर.”

तिने चहावरची साय बोटाने बाजूला केली आणि तो गारच प्यायली.

सकाळी ती नळाखाली भांडी विसळत असताना तिच्या डाव्या बाजूला उभं राहून नवऱ्याने विचारलं होतं, “तुला हल्ली कमी ऐकू येतं का गं?” मान न वळवता ती विसळतच राहिली होती.