शेंदराखालची दोन नावे

मी एक जुनी टाकी आहे. पाणी साठवायची नव्हे हं मित्रांनो, दगड घडवायची! वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड आणि अस्सल पोलादाची. पाथर्डीच्या एका लोहाराने मला भात्यावर लालबुंद तापवले, ठोकून टोक काढले आणि पाण्यात बुडवले. तेव्हा मी जो चरचराट केला, तेच माझे पहिले रडणे. त्यानंतर मी रडले नाही. दगडाशी गाठ असणाऱ्याला रडून कसे चालेल?

कडूबाईने मला घेतले तेव्हा ती नवी नवरी होती. आम्ही दोघी वाड्यावस्त्यांवर हिंडायचो. "पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ" अशी तिची आरोळी आली की बायका गुळगुळीत झालेले पाटे अंगणात आणून ठेवत. मी टकटक करीत त्यांच्यावर बारीक टाके पाडी आणि मग त्या पाट्यावर मिरची अशी वाटली जाई की विचारू नका. कडूबाईच्या हाताला तोड नाही, असे सगळे म्हणत. हात तिचा खरा, पण टोक माझे होते!

माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम मात्र पाट्याचे नव्हते. आमच्या गावचे दोन तरुण फौजेत होते, श्रीमंत आणि अजीज. एकाच हिवाळ्यात दोघेही सरहद्दीवर कामी आले. गावाने फाट्यावर, जिथे जीप थांबते तिथे, काळा दगड उभा केला. गुरुजींनी खडूने नावे लिहिली आणि कडूबाईने ती माझ्याकडून कोरून घेतली. तिला वाचता येत नव्हते. खडूची रेघ जिकडे वळे तिकडे ती मला वळवी. तीन दिवस लागले. श्रीमंतचे वडील भिमाजीबाबा रोज शेजारी बसून राहत. अजीजला आईच्या मायेने वाढवणारी थोरली बहीण मुबारकबी अक्षरांवरून बोट फिरवीत राही. तिलाही वाचता येत नव्हते, पण भावाचे नाव तिच्या बोटाला पाठ झाले.

पुढे घरोघरी मिक्सर आले आणि आमची आरोळी बंद पडली. कडूबाई रोजंदारीवर जाऊ लागली. मी खाटेखालच्या डब्यात गंजत पडले. शेळीचा खुंटा सैल झाला की तेवढी माझी आठवण होई. असो.

फाट्यावर काय चालले होते, ते मला राजनंदिनीच्या तोंडून कळले. राजनंदिनी ही कडूबाईची धाकटी लेक, दहावीत शिकणारी, आमच्या घरात पहिली वाचणारी. झाले होते असे : लेक देवच झाला म्हणून भिमाजीबाबांनी एकदा त्या दगडाला शेंदूर लावला. मग गावानेही लावला. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या सुखरूप परत येऊ दे म्हणून लावू लागल्या. दर अमावस्येला तेल, दर अमावस्येला शेंदूर. दगडाचा फौजीबाबा झाला आणि नावे बोटभर शेंदराखाली गेली. कोणाचीच नियत वाईट नव्हती, मित्रांनो. माया होती ती, पण तिचाच थर चढला.

एका बुधवारी राजनंदिनी तिथे हात जोडून उभी होती. "फौजीबाबा, गणितात पास कर." इतक्यात जीपमधून मुबारकबी उतरली. ती आता नगरला मुलाकडे राहते. मुलगा नागापूरच्या कारखान्यात आहे. पूर्वी वर्षातून एकदा ती इथे येई, पण गेली काही वर्षे तिला जमले नव्हते. यंदा काचबिंदूने तिची नजर पुरती गेली होती. तिने दगडावर बोट फिरवले, पुन्हा फिरवले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "बेटा, माझ्या अजीजचं नाव कुठं गेलं? डोळं गेलं तर गेलं, म्हनलं बोटानं वाचीन."

राजनंदिनीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्याने आपले सगळे देऊन टाकले, त्याच्यापाशी ती आणखी मागत होती आणि त्याचे नावही तिने कधी विचारले नव्हते. ती बोलून गेली, "आपा, रविवारी परत या. नाव सापडंल."

घरी येऊन तिने आईला सारे सांगितले, डबा उपडा केला आणि मला उचलले.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर भिमाजीबाबा आडवे आले. "माझ्या पोराच्या अंगावर घाव घालतीस व्हय गं? न्हाई जमायचं!"

"घाव न्हाई बाबा, नाव उघडं करायचंय," राजनंदिनी म्हणाली. जीपची वाट बघत असलेल्या शाळेच्या पोरांकडे वळून तिने विचारले, "ह्यो कोन हाय रं?"

"फौजीबाबा!" पोरे एका सुरात म्हणाली.

"नाव काय त्यांचं?"

पोरे एकमेकांकडे बघू लागली. भिमाजीबाबा खाली बसले. मग डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हणाले, "श्रीमंत नाव हाय माझ्या लेकाचं. लई हौसेनं ठिवलं हुतं." आणि थोड्या वेळाने, "मारुतीचं शेंदराचं कवच जड झालं की आपुन उतरवून इहिरीत सोडतो. तसंच करू. गरम पानी आन, पोरी."

शेंदराचा थर बाबांनी स्वतःच्या हाताने करवंटीने काढला. अक्षरांत घट्ट बसलेला शेंदूर उकरायला मात्र मीच लागले. हातोडी घेऊन आलेल्या कडूबाईने लेकीचा हात धरला, मला कसे तिरपे धरायचे ते दाखवले. फरक एवढाच, की ही पोर ठोकताना प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचत होती. ज्या अक्षरांवरून मी पंचवीस वर्षांपूर्वी फिरले होते, त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कडूबाईनेही पहिल्यांदाच ऐकला. "मी कोरलं, लेकीनं वाचलं," असे म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला. त्या क्षणी माझा गंज कुठल्या कुठे पळाला.

रविवारी मुबारकबी आली. राजनंदिनीने तिचे बोट दगडावर ठेवले. पहिल्या नावावरून ते सावकाश फिरले. "हा श्रीमंत. दोघं एकाच जीपनं गेल्ते." मग बोट खाली उतरले आणि थांबले. "अजीज," ती म्हणाली. "सापडला गं, बेटा." भिमाजीबाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. राजनंदिनीने दोन्ही नावे मोठ्याने वाचली आणि ताठ उभी राहून सलाम ठोकला. पोरांनीही नावे वाचली, इतक्या मोठ्याने की जीपवाल्याने हॉर्न वाजवायचे थांबवले.

आता मी डब्यात नसते, राजनंदिनीच्या दप्तरात असते. अक्षरांत धूळ साचली की ती मला बाहेर काढते. मित्रांनो, तुमच्याही गावात असा एखादा दगड असेल. त्याला फूल वाहा, हात जोडा, पण त्याआधी जवळ जा आणि त्यावरचे नाव मोठ्याने वाचा. नाव थराखाली झाकले गेले असेल, तर कोणाला तरी दप्तरातून माझ्यासारखी एखादी टाकी काढायला सांगा.