घोडी जागची हलणार नाही

मी बोलतेय. वर पंख्याकडे काय बघता? खुर्चीत बघा. लाल रंगाची, पोटावर नखीचे ओरखडे पडलेली, खांद्यावरचा रंग उडालेली विजेची गिटार दिसते का? तीच मी. आता खुर्चीत गिटार कशी काय बसली, असं विचाराल. तेच सांगतेय. मधे बोलायचं नाही.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. वाद्यं बनवणारा सुतार नव्हे हो, पलंग आणि कपाटं बनवणारा. एका हौशी गिऱ्हाइकाने त्याच्यापुढे चित्र धरलं आणि म्हणाला, "हे असं पाहिजे." सुताराने चित्र उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं आणि विचारलं, "याला कप्पे किती?" अशा माणसाच्या हातून मी घडले. त्यामुळे माझ्यात थोडा कपाटाचा अंश उतरलाय. जड आहे, हट्टी आहे, आणि कुणी ढकललं तर करकरते.

त्याच्याकडे एक फळी रुंद होती, दुसरी जरा अरुंद. दोन्ही सारख्या करायच्या तर लाकूड वाया जाणार. त्याने तशाच चिकटवल्या. म्हणून माझ्या पोटावरून खाली जाणारा सांधा दिसतो मधोमध, पण मधोमध नाही. हरभऱ्याएवढा बाजूला सरकलाय. मान मात्र त्याने तारांच्या हिशेबाने सरळ बसवली. आणि पट्टा अडकवायची घुंडी? ती बुडाशी नेमकी सांध्यावर ठोकली, कारण तिथे ती शोभत होती. ही गोष्ट सुताराला माहीत होती आणि मला. सुतार विसरून गेला. मी कशाला विसरतेय!

तारा ज्याच्यावर टेकतात त्या ब्रिजला आमच्यात घोडी म्हणतात. माझी घोडी पक्की, लाकडात घट्ट रोवलेली. तिच्या मागे तारा अडकवायची पट्टी, तीही स्क्रूने आवळलेली. काही नखरेल गिटारींना मागे एक दांडी असते. ती दाबली की सूर हेलकावे खातो. अशी कुणी दिसली की मी नाक मुरडायचे. म्हणायचे, आमच्याकडे असलं डुलणं-बिलणं नाही.

हौशी गिऱ्हाइकाची हौस तिसऱ्या गाण्यात फिटली. त्याने मला एका शाळेला देऊन टाकलं. शाळेत मी बरीच वर्षं काढली, पण अडगळीच्या खोलीत, फाटक्या नकाशांच्या शेजारी. त्यामुळे मला निम्मे देश पाठ आहेत. उरलेले उंदरांनी खाल्ले.

पुढे ती खोली झाडायला निघाली तेव्हा शाळेच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका मुलीने मला बाहेर काढलं, ओढणीने माझं तोंड पुसलं आणि एक तार छेडली. मी करकरले. ती म्हणाली, "आहा, काय भांडकुदळ आवाज आहे!" तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र. ती माझी बाई.

बाईने लग्न केलं तेही वाजवणाऱ्याशीच. नवरा बेस वाजवतो, दीर ड्रम. नवरा इतका कमी बोलतो, की त्याच्या चार तारांपैकी दोन तरी बोलण्याच्या ऐवजी असाव्यात. दीर सगळ्यांच्या वाटचं बोलतो. दर शनिवारी संध्याकाळी हे तिघे एका हॉलमध्ये वाजवतात आणि लोक नाचतात.

या बँडची एक रीत आहे. कार्यक्रम सुरू होतो तो माझ्या एकाच लांब सुराने. बाई डाव्या हाताच्या बोटाने तार दाबायची आणि ते बोट जागच्या जागी झुलवायची. सूर असा थरथरायचा, की ट्रे घेऊन चाललेला वेटर तिथेच थांबायचा. बाईने तार सोडली, की मगच ड्रम. तोवर दिराने दोन्ही काठ्या हवेत धरून थांबायचं. आणि बाई मुद्दाम सोडायची नाही! सूर आणखी लांबवायची, आणखी लांबवायची. दिराचे हात भरून यायचे, तोंड लाल व्हायचं. आम्ही दोघी आतल्या आत हसायचो.

मग वय झालं, आणि बाईच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं आखडली. तार दाबता यायची, बोट झुलवता यायचं नाही. सूर निघायचा तो सरळ, काठीसारखा. वेटर थांबेना. दीर काय म्हणाला असेल?

"वहिनी, तुम्ही आता आराम करा. आमच्या जावयाच्या कीबोर्डवर गिटारचं बटण आहे. दाबलं की गिटार, सोडलं की बंद. तुमच्यासाठी आपण स्टेजवर एक मानाची खुर्ची ठेवू. बसायचं, टाळ्या वाजवायच्या."

"टाळ्या वाजवायलाही दोन हात लागतात, भावजी."

"तसं नाही हो..."

"आणि तुमच्या जावयाला बटण दाबायला किती बोटं लागतात?"

दीर हसला, पण पुढच्या शनिवारी खुर्ची खरंच आली. लाल मखमलीची. आणि जावई कीबोर्ड पुसत बसला. पुढच्या शनिवारपर्यंत ठरवा, असं दीर म्हणाला. बाई कोपऱ्यात मला मांडीवर घेऊन बसली आणि माझ्या खुंट्या उगीचच पिळत राहिली. मला दुखलं, पण मी गप्प बसले. एकदाच गप्प बसले, सवय लावून घेतलेली नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. सोडलं तर आत व्हायब्रेटोचा टेलपीस, म्हणजे त्या नखरेल गिटारींची डुलणारी पट्टी! चकचकीत, पोटाखाली स्प्रिंग, बाहेर एक दांडी. कुठल्या तरी मेलेल्या गिटारीचा होता.

"अहो, हे कशाला?" बाई म्हणाली.

"डावा हात हलत नाही ना? उजव्याने हलव," नवरा म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं बोलणं संपलं.

बाईचे डोळे चमकले. माझ्या काळजाचे स्क्रू ढिले झाले. मला भोकं पाडणार? माझ्या पोटावर ती नवी सून बसणार? मी, जिची घोडी कधी हलली नाही, ती आता डुलणार? अजिबात नाही! काय वाट्टेल ते करीन, पण बसू देणार नाही.

आम्हाला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. सगळा बाजार त्याला मोजपट्टी म्हणतो. त्याच्या कानावर पेन्सिल, खिशात पट्टी, पट्टीच्या आड आणखी एक छोटी पट्टी. हा माणूस चहा प्यायच्या आधी कप मधोमध ठेवतो. त्याने माझी तारा अडकवायची जुनी पट्टी उपटली. माझ्या पोटावरचा सांधा बघून खूश झाला. "वा! सुताराने स्वतःच रेघ मारून ठेवलीय," म्हणाला आणि सांध्यावरच पेन्सिल फिरवली. टेलपीसची वाकवलेली शेपटी माझ्या बुडाच्या काठावरून खाली घेतली, घुंडी काढली आणि घुंडीच्याच भोकात स्क्रू आवळला.

मला हसू आवरेना. मोज बाबा, मोज!

तारा चढवल्या. त्या मागे टेलपीसकडे जाताना तिरक्या झाल्या. बाईने दांडी दाबली. टण्ण! बारीक तार घोडीच्या खाचेतून उडाली आणि मोजपट्टीच्या पेन्सिलीला लागली. पुन्हा बसवली. पुन्हा टण्ण. मग त्याने सगळं उस्कटलं, पट्टीने पुन्हा मोजलं, पुन्हा सांध्यावरच बसवलं. या खेपेला घाईत अर्थिंगची वायर टेलपीसला जोडायची राहिली. मला आयतीच संधी! अ‍ॅम्प लावल्याबरोबर मी अशी गुंऽऽ सुरू केली, की शेजारच्या दुकानातला माणूस भुंगा आला म्हणून झाडू घेऊन धावत आला.

"ताई, ही गिटार भुताटकीची आहे," मोजपट्टी घाम पुसत म्हणाला. "मोजमाप चोख आहे माझं. हिलाच नकोय."

"मला पण नकोय, मिस्त्री. ती खुर्ची नकोय," बाई म्हणाली.

नेमका तेवढ्यात दीर दारात आला. जावयाला कीबोर्डची वायर घ्यायची होती म्हणे. माझी उस्कटलेली आतडी बघून म्हणाला, "वहिनी, सोडा हो नाद. म्हातारी गिटार, म्हातारी बोटं. खुर्चीवर उशी पण ठेवलीय तुमच्यासाठी, मी स्वतः."

 बाईने माझी मान दोन्ही हातांनी घट्ट धरली, कुणी ओढून नेईल अशी.   तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, की मी भांडतेय ते चुकीच्या माणसाशी. नवी सून राहिली बाजूला. मी जिंकले तर त्या मखमलीच्या उशीवर माझी बाई बसणार!

असं कसं चालेल? मी हट्टी आहे, पण हट्ट कुठे करायचा याची अक्कल कपाटालासुद्धा असते.

"भावजी," बाई हळूच म्हणाली, "मला कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवलंत. मला विचारलंत का?"

"आता काय विचारायचं त्यात?"

"तेच म्हणते मी. आणि हिला कुठे बसवायचं ते मिस्त्री, तुम्ही ठरवलंत. हिला कुणी विचारलं? काढा तो स्क्रू."

"ताई, स्क्रू काढला तर धरणार कसं?"

"शेपटी काठाला अडकलीय ना? तेवढं पुरे. सगळ्या तारा नकोत. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक, दोनच चढवा. अलगद ताणा. बघू, ही कुठे जाते."

मोजपट्टीने पट्टी खिशात ठेवली. त्याला ते जड गेलं, मी बघत होते. स्क्रू निघाला. दोन तारा खाचांतून घोडीवर आणि घोडीवरून मागे. खुंट्या हळूहळू फिरल्या.

आता माझी पाळी. मी अंग सैल सोडलं. जन्मात पहिल्यांदा! तारांनी टेलपीसला जरा ओढलं, तो कुरकुरला आणि सांध्यावरून हरभऱ्याएवढा बाजूला सरकून थांबला. तारा सरळ, घोडीच्या खाचेत, मानेच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर.

मोजपट्टी वाकला. सांधा बघितला, टेलपीस बघितला, पुन्हा सांधा. मग पट्टी काढून धडाच्या दोन्ही कडांपासून मोजलं. तोंडाचा आ झाला. "सांधा मधोमध नाहीच की!"

"माझ्या सासरीही असंच आहे," बाई म्हणाली. "मधोमध जो दिसतो, तो असेलच असं नाही." दिराने छताकडे बघितलं.

मग कामं भराभर झाली. मोजपट्टीने थुंकी लावून आपली पेन्सिलीची रेघ पुसली. घुंडीचं जुनं भोक आगकाडी आणि डिंकाने बुजवलं. नवी जागा, नवा स्क्रू, त्याच्यावरच पट्ट्याची घुंडी. हो, एक भोक पडलंच. दुखलं. पण कुठे पाडायचं ते मी ठरवलं होतं. अर्थिंगची वायर आठवणीने जोडली. मानेच्या टोकाशी जिथून तारा उतरतात, त्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं, म्हणजे तार हलली तरी अडखळत नाही, घरी परत येते. बाईने दांडी दाबली, सोडली. सूर खाली गेला आणि मुकाट्याने जागेवर आला.

आणि हे लक्षात ठेवा: माझी घोडी जागची हलली नाही. आजही पक्की आहे. हलते ती मागची शेपटी. शेपटी हलवल्याने कुणी लहान होत नाही.

शनिवार आला. हॉल भरला. स्टेजवर मखमलीची खुर्ची, तिच्यावर उशी. जावई कीबोर्डमागे, बोट बटणावर. बाई आली, खुर्चीकडे बघितलं नाही, मला गळ्यात घेऊन थेट मधे उभी राहिली. दीर म्हणाला, "वहिनी, अहो..." नवऱ्याने बेसच्या जाड तारेवर एक ठोका दिला. दिराच्या काठ्या हवेत.

बाईने आखडलेल्या बोटाने तार दाबली. उजव्या हाताने छेडली आणि त्याच हाताची करंगळी दांडीवर ठेवली. सुरुवातीला सूर सरळ आला, काठीसारखा. मग करंगळी हलली.

मी थरथरले. पूर्वीसारखी नाही हो, खोटं कशाला बोलू? पूर्वी थरथर बारीक होती, आता रुंद आहे, थोडी रडकी, थोडी उर्मट. म्हातारपणाची. वेटर थांबला. त्याच्या ट्रेमधल्या ग्लासांनीही किणकिण थांबवली. जावयाने बटणावरचं बोट काढून मांडीवर ठेवलं.

दिराच्या काठ्या हवेतच. बाईने सूर लांबवला. आणखी लांबवला. दिराचं तोंड लाल झालं, हात लटपटायला लागले.

"सोडा की हो, वहिनी!" तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"टाळ्या वाजवा ना, भावजी," बाई म्हणाली. "दोन्ही हात मोकळेच दिसतायत."

मग सोडली एकदाची. ड्रम असे काही कोसळले, की नाचणारे दचकून एकमेकांच्या पायांवर पडले.

तर ती ही खुर्ची. मध्यंतरात बाई चहा प्यायला जाते तेव्हा मला हिच्यावर ठेवते. उशीसकट. दीर समोरून जातो, मान फिरवतो, पण हल्ली हळूच माझ्या खुंट्यांवरची धूळ पुसतो. मी काही बोलत नाही त्याला. एकच तार जरा सैल सोडते, म्हणजे त्याला वाटावं त्यानेच बिघडवली.

तुम्हालाही सांगून ठेवते. घरात कुणी म्हातारं असेल, माणूस असो की वाद्य, त्याच्यासाठी जागा ठरवायच्या आधी त्याला विचारा. मला भिंतीवर टांगून शोभेची करायला आलात, तर बारीक तार अजून उडवता येते मला, आणि नेम पूर्वीपेक्षा चांगला झालाय. चला, उठा आता. बाईचा चहा संपला. दिराला सांगा, काठ्या उचल म्हणावं, आणि हात दुखेपर्यंत धरून ठेव.