मोहरांची सत्ती

इलारिओने पत्त्यांपायी माझ्या नवऱ्याचा जीव घेतला, असं त्याची थोरली बहीण डेल्मिरा इस्पितळात भेटेल त्याला सांगत होती. जीव अजून गेला नव्हता, पण ती तपशिलात शिरणारी बाई नव्हती.

झालं होतं असं. शनिवारी दुपारी पराना गावच्या क्लबात इलारिओ आणि अबेलार्दो दाजी ट्रुको खेळत होते. तीस वर्षांची जोडी. ट्रुकोत हातातलं पान जोडीदाराला तोंडानं खुणावतात. तोंड डावीकडे वाकडं केलं की मोहरांची सत्ती, उजवीकडे केलं की तलवारींची, भुवया उचलल्या की तलवारींचा एक्का. दाजींचं तोंड डावीकडे गेलं. इलारिओने छाती फुगवून बोली वाढवली आणि हरला. पुढच्या डावालाही तोंड तिकडेच. सलग तीन डाव एकाच माणसाला मोहरांची सत्ती कशी येते, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याला वाटलं, नशीब उघडलं. मग दाजींच्या उजव्या हातातले पत्ते खाली पडले. त्यात एकही सत्ती नव्हती.

डॉक्टर सेसारिनीबाईंनी दाजींचं उजवं अंग आणि तोंडाची उजवी बाजू लुळी पाडणारी, मेंदूच्या डाव्या धमनीतली गुठळी तारेने ओढून काढली आणि दोघा भावंडांना बोलावून चित्र दाखवलं.

"वाट मोकळी झाली. पण तेवढ्यानं माणूस सुधारतोच असं नाही. म्हणून मी रक्त परत नेणाऱ्या शिरा बघते. हे चित्र गुठळी अडकलेली असतानाचं. डावीकडच्या शिरा बारीक आहेत, पण भरलेल्या आहेत. म्हणजे रक्त आडवाटेनं का होईना, आत पोचत होतं. अशी माणसं बहुधा सावरतात. शब्द मात्र देत नाही."

"आणि माझ्या तीन डावांत गेला तो वेळ?" इलारिओने विचारलं.

"तो वाया गेलाच," बाई म्हणाल्या.

"ऐक, मेल्या!" डेल्मिरा म्हणाली. इलारिओने मान खाली घातली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

तीन दिवस दाजी एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बाईंनी भुवया उचलायला सांगितल्या. दोन्ही उचलल्या गेल्या.

"तलवारींचा एक्का!" इलारिओ ओरडला.

"भुवया धरू नका. या झटक्यात कपाळ शाबूतच राहतं," बाई म्हणाल्या. "आजोबा, दात दाखवा बघू."

दाजींनी दात दाखवले नाहीत. त्यांनी इलारिओकडे बघितलं आणि कपाळाला घाम येईपर्यंत जोर लावून तोंड हलवलं. उजवीकडे. जेमतेम बोटभर, पण उजवीकडेच.



"अरे, काय म्हणतायत ते?" डेल्मिराने त्याला ढोसलं.

"तलवारींची सत्ती आहे म्हणतायत, ताई."

डेल्मिराने चादरीवरचे नवऱ्याचे दोन्ही हात उलटून बघितले. रिकामे होते.

"हे मेले थापा मारतायत," ती म्हणाली, आणि तिथेच खाटेवर बसून ढसाढसा रडायला लागली.