पुन्हा पहिल्या स्तोत्रापासून

विस्सा इस्कंदर एकतीस वर्षं गावच्या चर्चची पवित्र भाकर भाजत होता. आवारातल्या भट्टीच्या खोलीला सगळे बेथलेहेम म्हणतात. तिथली रीत साधी: पीठ, पाणी, खमीर, मीठ मात्र नाही, आणि मळताना तोंडानं स्तोत्रं चालू ठेवायची. विस्सा अक्षरशत्रू, पण बापाकडून ऐकून ऐकून त्याला सगळी मुखोद्गत होती.

त्या वेळात देव आपल्याजवळ येतो, असं तो म्हणे. कसा येतो, ते त्याला सांगता येत नसे. बाकी दिवसभर तो चारचौघांसारखाच चिडका माणूस होता. बायको दमियाना म्हणायची, की यांचा देव पीठ मळण्यापुरता येतो आणि नंतर यांना माझ्या गळ्यात घालून जातो.

पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या यंदाच्या मोठ्या उपवासात विस्साला विसरायला होऊ लागलं. बाराव्या-तेराव्या स्तोत्राशी गाडं अडायचं. दुसरा कुणी पुढचं म्हणून मोकळा झाला असता. विस्साच्या हिशेबी मधली ओळ गाळणं म्हणजे देवाला दारात उभं करून कडी लावणं. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. पीठ मात्र कुणाच्या भक्तीसाठी फुगायचं थांबत नाही.

अबूना बीमेन हे चर्चचे पाद्री, वयानं त्याच्या मुलासारखे. त्यांनी सुचवलं, की मोबाईलवर स्तोत्रं लावून ठेवा. विस्सा म्हणाला, माझ्या वतीनं मोबाईल प्रार्थना करणार असेल, तर जेवणही त्यालाच वाढा.

आणि एका रविवारी व्हायचं ते झालं. उपासनेच्या आरंभी अबूनांनी टोपलीतल्या सात भाकरींतून एक निर्दोष भाकर निवडायची असते. त्यांनी एकेक हातात घेऊन फिरवून पाहिली. पीठ जास्त फुगलेलं. सातही भाकरींना तडे. शेजारच्या गावाहून मोटरसायकलवर भाकर येईपर्यंत अख्खं गाव दीड तास ताटकळलं. पवित्र भाकर उपाशीपोटीच घ्यायची, म्हणून मध्यरात्रीपासून कुणाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, त्यामुळे चर्चमध्ये बोलू नये ते बरंच बोललं गेलं.

दुपारी अबूनांनी घरी येऊन सांगितलं, की पुढच्या रविवारपासून चर्चमधला तरुण मदतनीस बिशाय भट्टी सांभाळेल. विस्सानं वाद घातला नाही.

"भाकरीचं सोडतो मी, अबूना. पण तो मला आता भेटायचा कुठं?"

देव सगळीकडे असतो, असं अबूना म्हणाले. ते विस्सालाही ठाऊक होतं. गव्हर्नरही साऱ्या प्रांताचा असतो, म्हणून काय आपल्या ओट्यावर येऊन बसतो? भट्टी सुटल्याचं विस्साला फार लागलं. दोन दिवस तो धड जेवला नाही.

तिसऱ्या पहाटे तो सवयीनं उठला, ओट्यावर बसला आणि रिकाम्या हातांनी स्तोत्रं म्हणू लागला. देव आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. दमियानानं एकदा दया येऊन परातीत पीठ घालून पुढ्यात ठेवलं. त्यानं ते परत डब्यात ओतलं. पुनरुत्थानाचा सण गेला, गव्हाची कापणी झाली. विस्सानं एकही पहाट चुकवली नाही. शेजारी म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला. त्यांचं फारसं चुकलं असंही नाही.

एकदा अबूना सकाळीच एका आजाऱ्याकडे निघाले होते, ते विस्साचा आवाज ऐकून थांबले आणि त्याच्याशेजारी बसले. विस्सा बाराव्या स्तोत्राशी अडला आणि पहिल्यावर आला. पुन्हा अडला, पुन्हा पहिल्यावर आला. तिसऱ्यांदा अबूनांना राहवेना. ते पुढचा शब्द सांगणार, तोच विस्सानं हात वर केला.

"सांगू नका."

"अहो विस्साकाका, एका ओळीचा तर प्रश्न आहे."

"एकतीस वर्षं मला संपवायचीच घाई होती. भट्टी तापली, की तो जवळ बसलेला असायचा आणि मी उठून भाकरी घालायला पळायचो. आता विसरलो, की परत पहिल्यापासून हाक मारायला मिळते."

अबूनांनी हळूच विचारलं, "आणि येतो तो?" हा प्रश्न त्यांनी विस्सासाठी विचारला नव्हता.

"अजून नाही," विस्सा म्हणाला. "पण आता मी उठून जाणार नाही."

त्यानं पहिलं स्तोत्र घेतलं. अबूनांनी त्याच्या आवाजात आवाज मिसळला, आणि बाराव्यापाशी तो थांबला तसे तेही थांबले.