समोरच्याचं चिकन

माझा बाप जिवंतपणी हट्टी होताच, पण मेल्यावरही इतका हट्ट करील असं वाटलं नव्हतं.

त्याच्या वर्षश्राद्धाची दुपार होती. आमच्याकडे वर्ष पुरं झालं की गेलेल्याच्या उदबत्तीच्या भांड्यातली चमचाभर राख पूर्वजांच्या भांड्यात मिसळायची, म्हणजे तो त्यांच्या पंगतीत जाऊन बसतो. तोवर स्वतःच्याच घरात पाहुणा. पण त्याचा कौल घेतल्याशिवाय राख हलवता येत नाही. मुलगा नाही, मी एकुलती एक मुलगी, त्यामुळे गुरुजींनी जरा नाक मुरडूनच कौलाचे दोन लाकडी तुकडे, एका बाजूने सपाट, दुसरीने फुगीर, माझ्या हातात दिले. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे म्हणजे नकार. दोन्ही उताणे म्हणजे वरचा नुसता हसतोय.

"बाबा, आजी-आजोबांकडे जाताय ना आता?"

दोन्ही पालथे. परत टाकले, परत पालथे. गुरुजींनी सांगितलं म्हणून नव्या उदबत्त्या लावून टाकले, तरी तेच.

आईचा चेहरा उतरला. "आज नाही गेला तर राहील कुठे हा? दारात उभा? उपाशी?" तिने माझा दंड असा धरला की वळ उठले.

"काही खायचं राहिलंय का त्याचं, ते विचार," गुरुजी म्हणाले. मुहूर्त सूर्यास्तापर्यंतच होता आणि त्यांचं सगळं लक्ष खिडकीकडे.

होकार आला.

टेबलावर काय नव्हतं? अख्खी उकडलेली कोंबडी, मासा, तांदळाचा केक, पपनस. आणि मधोमध मी सकाळी तळलेलं चिकन. त्याचाच मसाला, त्याचीच कढई, रताळ्याच्या पिठात घोळवलेलं, शेवटी बेसिलची मूठभर पानं तेलात. त्याच्यामागे त्याची चिकनची गाडी मीच चालवते, देवळाच्या गल्लीत, रोज. "माझं चिकन हवंय?" मी मोठ्या ऐटीत विचारलं.

नकार. सख्ख्या बापाने, गुरुजींसमोर, मला नापास केलं.

"टेबलावर नसलेलं काही?" होकार. मग आईने शेंगदाणे म्हटलं, बदकाची जीभ म्हटलं, लग्नातली मिठाई म्हटलं. नकार, नकार, नकार. मला खरं काय ते केव्हाचं सुचलं होतं, पण आईसमोर बोलायची छाती होईना. शेवटी बोलले.

"समोरच्याचं चिकन?"

एक उताणा, एक पालथा.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी या लाकडांवर फारसा विश्वास ठेवणारी बाई नाही. त्या क्षणी मात्र खोलीत बाबा होता, मला तो अगदी जवळ जाणवला.

समोरचा म्हणजे कुओ थिएन-फू. आमच्या घरात त्याचं नाव घ्यायची बंदी होती. गल्लीत आमच्या गाडीसमोर त्याची गाडी, आणि भांडण एकाच गोष्टीचं: चिकन काढता काढता तेलात बेसिल टाकायचं आधी कोणाला सुचलं. बाबा म्हणायचा मला, तो म्हणायचा मला. दोघांचे केस पिकले तरी गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून आरडाओरडा चालूच. आणि बाबा शाळेच्या पोरांना पाठवून गुपचूप त्याच्याकडची पुडी मागवायचा. "हे काय मीठ? हे काय पीठ?" करत पुडीचा तळ गाठायचा.

"मी नाही जाणार त्याच्या दारात," आई म्हणाली. मग तिने चपला घातल्या. मीही मागोमाग निघाले.

समोरच्याची कढई नुकतीच तापली होती आणि रांग देवळाच्या पायरीपर्यंत गेली होती. आई मुकाट शेवटी उभी राहिली. कोणी पुढे जा म्हटलं तरी हलली नाही. तिचा नंबर आल्यावर तिने चिमट्याने चिकनचे कच्चे तुकडे टोपलीत भरले, चार फरसबीच्या शेंगा टाकल्या आणि टोपली पुढे केली.

थिएन-फू काका वर न बघताच म्हणाले, "तिखट?"

"मला विचारू नका. तुमच्या दोस्ताला हवंय. अडून बसलाय."

काकांनी वर पाहिलं. चिकन तळलं, दुसऱ्यांदा तळलं, पानं टाकली. तेल तडतडलं आणि गल्लीभर वास गेला. मिरपूड-मीठ भुरभुरून पुडी हलवली आणि गॅस बंद केला. "आलोच," ते रांगेला म्हणाले. कोणीतरी कुरकुरलं, तर म्हणाले, "मेलेला माणूस तुझ्याआधी आलाय रे!"

आमच्या घरात ते आयुष्यात पहिल्यांदा आले. पुडी टेबलावर ठेवून बाबाच्या फोटोसमोर कमरेवर हात घेऊन उभे राहिले. "घे, आ-शुई. गरम आहे. तुझ्यापेक्षा चांगलं झालंय, एवढं कबूल कर आणि नीघ."

मी कौल लावला. दोन्ही उताणे. पुन्हा लावला, दोन्ही उताणे.

"हसतोय बघा, हरामखोर!" काका म्हणाले. गुरुजीसुद्धा हसले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. आई मात्र हसली नाही, काकांकडे नुसती बघत राहिली.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मग अगदी हळू म्हणाले, "बरं बाबा. बेसिल तूच आधी टाकलंस. मी तुझं बघून टाकलं. झालं समाधान? जा आता."

मी तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा. गुरुजींनी खात्रीसाठी पुन्हा टाकायला लावले. पुन्हा तसेच. असं काही पुन्हा माझ्या वाट्याला येईल असं मला वाटत नाही.

गुरुजींनी चमचाभर राख उचलून पूर्वजांच्या भांड्यात मिसळली. काका डोळे पुसत होते, आणि लपवतही नव्हते.

"वहिनी, खोटं बोललो मी त्याच्याशी," ते म्हणाले. "खरं सांगू? आधी कोणी टाकलं ते मला आठवतच नाही."

आईने पुडीतून एक तुकडा काडीला टोचून त्यांच्या हातात दिला. एक स्वतः घेतला.

"त्यालाही आठवत नव्हतं," ती म्हणाली. "खा, गार होतंय."