शुक्रवारची बरणी

"प्रथिन आढळले नाही. गुण शून्य. रुग्ण औषधास पात्र नाही." एवढ्या तीन ओळी, खाली आमच्या मोठ्या डॉक्टरांची सही आणि वर माझ्या दादाचं नाव. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

बावीस वर्षं मी हॉस्पिटलच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचा, रंग द्यायचा. दादा म्हणतो, "एवढं पातळ कापता येतं, मग घरी काकडी कापताना काय होतं गं तुला?"

त्याच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली, पण तोवर ती यकृतात पोचली होती. नेहमीच्या औषधांनी हात टेकले. उरलं एकच नवं औषध, आणि ते एकाच प्रथिनाला पकडतं. त्या प्रथिनाचा जीन प्रत्येकाच्या आतड्यात असतो. पेशीला वाढायला सांगायचं काम तो बेताने करत असतो. काही गाठींत मात्र त्याच जीनच्या ढीगभर प्रती तयार होतात, प्रथिनाचा नुसता पूर येतो आणि पेशी थांबायचं नाव घेत नाहीत. अशा गाठीला आमचा रंग दिला की पेशींच्या कडा गडद तपकिरी दिसतात. कडा कोऱ्या राहिल्या तर औषध मिळत नाही. दादाच्या कोऱ्या होत्या.

मी ती काच शोधून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गाठीच्या शेजारी निरोगी ग्रंथींचा एक पट्टा होता. तिथे फिकट का होईना, रंग यायलाच हवा. तिथेही काही नाही. म्हणजे तुकडाच खराब झाला होता, चाचणी फसली होती. हे काल कामाला लागलेल्यालाही कळेल.

मी दार न वाजवताच डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

"डॉक्टर, हे शून्य नाही. ही काच वाचताच येत नाही."

"बाई, सोबत तुलनेसाठी ठेवलेला ठरलेला नमुना रंगलाय ना? मग झालं."

"तो दुसऱ्या माणसाचा, नीट जपलेला. याच्या निरोगी ग्रंथी बघितल्यात का तुम्ही?"

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "हं." माझ्या भावाचं औषध तोडलं आणि वर नुसतं हं!

"त्या दिवशी पंचेचाळीस काचा होत्या," ते म्हणाले. "रिपोर्ट मागे घ्यायचा तर तुकडा कशाने बिघडला ते लेखी लागेल. ऑपरेशन थिएटरवाल्यांनी घोळ घातला असणार."

थिएटरवाल्यांवर खापर फोडायला मी एका पायावर तयार होते. आतडं आमच्याकडे बंद नळीसारखं येतं. आल्या आल्या ते उभं चिरून, धुऊन, भरपूर फॉर्मलिनमध्ये पसरावं लागतं. तसंच ठेवलं तर फॉर्मलिन आत पोचत नाही आणि आतून सडायला लागतं. थिएटरने बरणी किती उशिरा पाठवली ते बघू म्हणून आवक रजिस्टर उघडलं.

आवक: शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. चिरलं: सोमवार सकाळ. घेणाऱ्याची सही माझी.

चारनंतर आलेलं सोमवारी उघडायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. कुठे लिहिलेला नाही, पाळतात सगळे. त्यात त्या दिवशी वहिनीचा फोन आला होता. "तुमचे दादा शुद्धीवर येतायत, तुम्हालाच विचारतायत." मी लेबलही न वाचता सही ठोकली, बरणी फळीवर सरकवली आणि वर धावले. दोन दिवस दादाच्या उशाशी बसून होते, आणि खाली माझ्याच फळीवर त्याचं आतडं सडत होतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारलीसुद्धा.

मग लिहून दिलं: बरणी मी न उघडता ठेवली.

"नोकरीवर येईल हं हे," डॉक्टर म्हणाले.

"येऊ दे."

ऑपरेशनच्या आधी बायोप्सीत घेतलेला चिमटीएवढा तुकडा तेव्हाच फॉर्मलिनमध्ये पडला होता. त्याचा मेणाचा ठोकळा कपाटात होता. त्याचे काप काढले, रंगवले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या कडा गडद तपकिरी, गुण तीनपैकी तीन. भावाच्या पोटात तो जीन मोकाट सुटलाय हे बघून मी आनंदाने ओरडले. असला आनंद वैऱ्यालाही मिळू नये.

दादाला सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि तू इथे कामाला नसतीस, तर हे कुणी पाहिलं असतं?"

रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

मी वर्षभराचं रजिस्टर काढलं. शुक्रवारी चारनंतर आलेली आणि या प्रथिनासाठी तपासलेली आतडी, दादाचं सोडून, सात. सातही शून्य. काचा पाहिल्या, सातही काचांत निरोगी ग्रंथी कोऱ्या. कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले.

"बाई, तुमच्या भावाचं झालं ना काम? मग आता हे कशाला उकरून काढताय? लोक उगीच घाबरतील."

"मरतायत डॉक्टर, घाबरायचं काय घेऊन बसलात! दोघं तर गेलेसुद्धा. पाच अजून आहेत." पाच जणांच्या बायोप्सीचे ठोकळे मी त्यांच्या टेबलावर मांडले. "नाही म्हणायचं असेल तर लिहून द्या. मी माझं दिलंय."

त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं. शेवटी पाचही ठोकळे माझ्याकडे सरकवले. "करा. पण त्या दोघांच्या घरी काय सांगणार आहात?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्या दोघांपैकी एकाच्या नोंदीपुढे सही माझीच होती. आणि ती बरणी आली त्या शुक्रवारी मला कसलीही घाई नव्हती. ती तशीच फळीवर ठेवून मी नेहमीच्या वेळेला घरी गेले होते.