बगळ्याच्या खाली, चौदावा

माझं वय विचारू नका. माझ्या उजव्या कोपऱ्यात भागाकाराचं एक गणित अजून अंधूक दिसतं आणि ते सोडवणारी मुलगी आता आजी झाली आहे, यावरून काय तो अंदाज बांधा. मी फळा आहे, मित्रांनो. खराखुरा दगडी फळा. खाणीतून निघालो, तासला गेलो, घासला गेलो आणि ओकच्या चौकटीत बसून इंडियानातल्या मॅरो क्रीक गावच्या शाळेत तिसरीच्या भिंतीला लागलो. एकोणतीस वर्षं मी मुलांच्या चुका अंगावर घेतल्या. मग शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी तळघरात झाली. तिथे सहा वर्षं माझ्यासमोर एक मोडका पियानो होता. आमचं फारसं जमलं नाही.

तळघरातून मला बाहेर काढलं ते रॉयस कोलमायर यांनी. गावातलं एकुलतं एक सलून त्यांचं. कोणाचा नंबर कधी, हे लिहायला त्यांना फळा हवा होता. पहिल्याच शनिवारी गिऱ्हाइकांनी ते नंबर पुसले आणि माझ्यावर गावच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातल्या खेळाडूंची क्रमवारी लिहिली. ती आजतागायत आहे. कोणाचा नंबर कधी, हे अजून कोणालाच माहीत नसतं.

आमच्या संघाचं नाव बगळे. बारा खेळाडू, म्हणून माझ्यावर बारा ओळी. दर शनिवारी सकाळी मंडळी जमतात, आदल्या सामन्याचा कीस पाडतात आणि नावं वरखाली करतात. नियम एकच. नाव हलवायचं तर खडू हातात घेऊन कारण मोठ्याने सांगायचं. एका वर्षी बगळ्यांनी गटात दुसरा क्रमांक काढला तेव्हा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता. त्यात मी थोडा जाड दिसतो.

रॉयस गेले. त्यांच्या पत्नी अर्डिथबाई यांनी कात्री हातात घेतली, आणि गावाच्या लक्षात आलं की इतकी वर्षं कात्री चुकीच्या हातात होती. पुढे त्यांचा मुलगा नोलन संघाचा कोच झाला. गावाला आनंद झाला आणि पंचाईतही. आमच्याकडे आईसमोर तिच्या मुलाला नावं ठेवत नाहीत. संघ हरला की मंडळी पंचांना दोष द्यायची, हवेला द्यायची. एकदा तर लाकडी जमिनीला दिला. मात्र टॉवेल गरम करायच्या यंत्रात टाकायला अर्डिथबाई मागच्या खोलीत गेल्या की यंत्र चार मिनिटं घरघरायचं. त्या चार मिनिटांत गाव आपल्या कोचला नोकरीवरून काढायचं आणि यंत्र थांबायच्या आत परत घ्यायचं.

मागच्या हिवाळ्यात बगळे ओळीने नऊ सामने हरले. गटात अकरा संघ आणि आम्ही अकरावे. पण अर्डिथबाईंचं दुःख वेगळं होतं. नोलन दर दोन आठवड्यांनी त्यांच्या खुर्चीत बसायचा, लहानपणी घरातल्या, पुढे दुकानातल्या. हार सुरू झाली आणि तो यायचा बंद झाला. फोनही नाही. घर चार गल्ल्यांवर. अर्डिथबाई प्रत्येक सामन्याला जायच्या आणि वरच्या रांगेतून मुलाचे केस वाढताना पाहायच्या. आधी कानांवर आले, मग कॉलरवर. गुणफलक सगळेच पाहत होते. त्या मान पाहत होत्या.

दहाव्या सामन्याआधीच्या शनिवारी दुकानात दोघंच होते. एक डुएन, निवृत्त पोस्टमन. दुसरा मर्ल, टर्की पाळणारा. चाळीस वर्षं टर्कींच्या कलकलाटात राहून मर्लचे कान जवळजवळ गेले होते. अर्डिथबाई टॉवेल घेऊन मागे गेल्या. यंत्र सुरू झालं.

"आघाडी मिळाली की आपला कोच घाबरतो," डुएन मर्लच्या कानाशी म्हणाला. "शेवटची चार मिनिटं चेंडू असा जपतो, जसं काही अंडं आहे."

"अंड्यांचं मला सांगू नकोस," मर्ल म्हणाला. "अंडं उबवलं तर निदान काहीतरी बाहेर येतं."

त्याने खडू उचलला आणि बाराव्या नावाखाली लिहायला घेतलं. तेरा. टिंब. कोच. मागचं यंत्र थांबलं. ते डुएनला ऐकू आलं, मला ऐकू आलं, खिडकीतल्या मांजराला ऐकू आलं. मर्लला नाही. तो मोठ्याने कारण सांगत होता. कारण बरंच लांब होतं.

मर्ल वळून पाहतो तर दारात अर्डिथबाई, हातात गरम टॉवेलांची चळत.

डुएन छताकडे पाहू लागला. मर्लने खडू खिशात लपवला, जणू त्यामुळे अक्षरं दिसेनाशी होणार होती.

अर्डिथबाईंनी टॉवेल ठेवले. माझ्यासमोर आल्या. तेरावी ओळ तळहाताने पुसली. दोघांनी सुटकेचा श्वास टाकला, पण तो जरा लवकरच टाकला.

"खडू दे, मर्ल."

त्यांनी तेराव्या जागी लिहिलं, बगळा. म्हणजे पिसांचा पोशाख घालून मध्यंतरात नाचणारा कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्याखाली चौदावं नाव लिहिलं. कोच नाही लिहिलं. नोलन असं लिहिलं.

"कारण," त्या म्हणाल्या, "सात आठवडे झाले. चार गल्ल्या चालून यायला." मग त्यांनी मर्लच्या गळ्याभोवती कापड बांधलं. मर्लने आयुष्यात इतकं स्थिर बसून केस कापून घेतले नव्हते.

डुएन निवृत्त झाला होता, पण पोहोचवायची सवय गेली नव्हती. दुपारपर्यंत बातमी गावभर वाटून झाली.

मंगळवारी सकाळी नोलन आला. डुएन आणि मर्ल त्या दिवशी का आले होते, ते त्यांनाच ठाऊक, शनिवार नव्हता. नोलन सरळ माझ्यासमोर उभा राहिला. केसांनी कॉलर पूर्ण झाकली होती. त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं. जवळून पाहिलं तर त्याचे डोळे बरेच दिवस झोप न झालेल्या माणसाचे होते.

"मर्लने लिहिलंय हे?"

"मी," अर्डिथबाई म्हणाल्या.

"निदान बगळ्याच्या तरी वर ठेवायचंस, आई."

"बगळा दर रविवारी आईला फोन करतो. मी चौकशी केलीय."

नोलन खुर्चीत बसला. त्यांनी कापड बांधलं, मानेवर पाणी फवारलं आणि कंगवा घातला. कंगवा अडकला.

"मी आलो नाही, कारण तू म्हणाली असतीस, जाऊ दे बाळा, छान खेळलात," नोलन आरशाकडे न पाहता म्हणाला. "सगळं गाव मला वाईट म्हणतंय ते चालतं. पण तू छान म्हटलेलं मला सोसलं नसतं."

कात्री थांबली.

"छान? कोण म्हणणार होतं छान? आघाडी आली की तू भितोस. तुझे बाबा असेच भीत भीत केस कापायचे. माणूस घरी जाऊन टोपी घालायचा. आणि तो रूट, त्याला बाकावर कशाला बसवून ठेवलायस?"

केल्विन रूट म्हणजे माझ्या बाराव्या ओळीवरचा, सबंध हंगामात सहा मिनिटं खेळलेला मुलगा.

"रूट? तो सावकाश धावतो, आई."

"धावू दे सावकाश. वरच्या रांगेतून मला नुसती डोकी दिसतात आणि डोकी मला कळतात. चेंडू कुठे जाणार ते सगळ्यांना चेंडू गेल्यावर कळतं. रूटचं डोकं आधी वळतं. बाकावर बसून वळतं. नऊ सामने मी तेच बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारायला आलास कधी?"

डुएनने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं इतकी वर्षं क्रमवारी करत होतो आणि हे आम्हाला दिसलं नव्हतं. मर्लला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे सर्वांत अस्वस्थ तोच होता. "काय म्हणाली?" तो डुएनला विचारत होता. "काढलं का त्याला?"

गुरुवारी मैदानावर रूट पहिल्या पाचांत उतरला. दुकान बंद होतं, पण रेडिओ बंद करायला अर्डिथबाई विसरल्या होत्या, म्हणून मला सामना ऐकता आला. शेवटच्या चार मिनिटांत बगळ्यांनी चेंडू जपला नाही. ते धावले, रूटने समोर कोणी नसलेल्या कोपऱ्यात चेंडू फेकला आणि तिथे आपला माणूस पोहोचलेला होता. असं तीनदा झालं. बगळे एका गुणाने हरले. समालोचकाचा आवाज बसला होता. आमच्याकडे हरताना आवाज बसायची पद्धत नाही.

शनिवारी दुकान भरलं. रूट बाराव्या जागेवरून तिसऱ्यावर गेला. एवढ्यात दार उघडलं आणि नोलन आत आला. मंगळवारीच केस कापले होते. तरीही तो काही न बोलता खुर्चीत बसला.

अर्डिथबाईंनी कापड बांधलं. कापायला काहीच नव्हतं. त्यांनी वीस मिनिटं लावली. कात्री नुसती हवेत चालत होती आणि मायलेक हळू आवाजात पुढच्या वर्षाच्या संघाबद्दल बोलत होते. वाट पाहत बसलेल्या सात माणसांपैकी एकानेही घड्याळ पाहिलं नाही.

मग त्या माझ्याकडे आल्या. नोलनचं नाव आता वर जाणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी ते तिथेच ठेवलं. त्याखाली दगड संपतो, म्हणून त्या गुडघ्यावर बसल्या आणि लाकडी चौकटीवर पंधरावं नाव लिहिलं. अर्डिथ.

"कारण," त्या म्हणाल्या, "चार गल्ल्या मलाही चालता आल्या असत्या."

नोलन उठला, त्यांना हात देऊन उभं केलं, आणि हात बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मित्रांनो, मी दगड आहे. मला फार काही लागत नाही. मला पुसायला कोरडं फडकं घ्या, ओल्याने अंगावर पांढरे पट्टे उमटतात. माझ्यावर हवी ती क्रमवारी लिहा, कोणालाही पहिला करा. मात्र तुमचा कोणी हरून घरात बसला असेल, तर तो येईल म्हणून थांबू नका. चपला घाला आणि निघा. आणि माझ्या खालच्या चौकटीला फडकं लावू नका. तिथे एक आई आपल्या मुलाच्या खालच्या जागेवर बसली आहे.